मेंढा कुणी शिजवला?

राजीवरावांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या सामाल राज्याच्या राजांची वंशावळ तोंडपाठ होती. आपल्या गल्लीत डावीकडून तिसऱ्या घरात कोण राहतं, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. गल्लीतली माणसं हे नीनाचं खातं होतं आणि अरामी राज्यं हे त्यांचं. चाळीस वर्षांच्या संसारात ही वाटणी कुणी ठरवली नव्हती, ती आपोआप झाली होती.

ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आलेला हा पुण्याचा माणूस असल्या जुन्या राज्याच्या नादी लागला कसा, हे तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना कोडंच होतं. झालं असं, की तरुणपणी कंपनीच्या कामासाठी ते बर्लिनला गेले होते. मीटिंग लवकर संपली आणि बाहेर पाऊस होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे वेशीवरचे दोन दगडी सिंह दात विचकून बसले होते. खाली पाटी होती, सामाल. तेवढं निमित्त पुरलं. काही लोकांना गोल्फचं वेड लागतं, काहींना शेअर बाजाराचं. यांना सामाल चावलं.

राज्य म्हणावं तर केवढंसं. आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिणेला, सीरियाच्या हद्दीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. आजूबाजूला सगळे दांडगे शेजारी आणि पलीकडे अश्शूरचं अक्राळविक्राळ साम्राज्य. त्या सगळ्यांत ही चिमुकली गादी टिकली ती जुळवून घेऊन. किलामुवा नावाच्या राजाला शेजाऱ्याने छळलं, तेव्हा त्याने थेट अश्शूरच्या राजालाच भाड्याने आणलं. वर दगडावर कोरून ठेवलं, की माझ्या आधीच्या राजांनी काही म्हणजे काही केलं नाही. पुढचा एक पनामुवा अश्शूरच्या बाजूने लढताना गेला, आणि त्याच्या मुलाने, बारराकिबने, मी सम्राटाच्या रथाच्या चाकाबरोबर धावलो हे अभिमानाने लिहून ठेवलं. शेवटी अश्शूरने राज्य गिळलंच. पण त्या लोकांची गंमत अशी, की भाषा अरामी, नावं भलत्याच जुन्या लोकांची आणि देव दोन्हीकडचे. "म्हणजे आपल्यासारखंच," राजीवराव गणेशोत्सवातल्या आपल्या दरवर्षीच्या व्याख्यानात म्हणत, आणि मंडळाचे लोक गणपतीच्या मोदकांकडे बघत माना डोलावत.

व्याख्यानाचा शेवट ठरलेला असे. शेवटचा फोटो कटुमुवाचा. हा पनामुवाचा एक अधिकारी. त्याने जिवंतपणीच आपला दगड घडवून घेतला. काळा बेसॉल्ट, त्यावर तो स्वतः खुर्चीत बसलेला, हातात पेला, समोर टेबलावर पोळ्या आणि बदक. आणि मजकूर असा, की माझा आत्मा या दगडात राहील. दरवर्षी या जागी मेजवानी करा. अमुक देवाला बैल, तमुक देवाला मेंढा, आणि या दगडातल्या माझ्या आत्म्याला एक मेंढा.

इथे राजीवराव थांबत. टाळ्यांची सुरुवात पहिल्या रांगेतून होई, कारण तिथे नीना बसलेली असे. मग ती हात वर करी आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारी.

"अहो, ते सगळं ठीक आहे. पण तो मेंढा शिजवला कुणी?"

"शिलालेखात त्याचा उल्लेख नाही," राजीवराव म्हणत.

"नसणारच," नीना म्हणे, आणि सभागृहात त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा होई.

घरी ती कटुमुवाला कट्टू म्हणायची. तुमचा कट्टू. एकदा राजीवरावांनी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की उत्खननात तो दगड ज्या खोलीत मिळाला, ती आधी स्वयंपाकघर होती. तिथे भट्ट्यांच्या खुणा सापडल्या. नीनाने पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं.

"म्हणजे बाईचं स्वयंपाकघर काढून घेतलं आणि यांचं देऊळ केलं? बेस. तिला विचारलं होतं का?"

तेव्हा राजीवरावांना राग आला होता. इतका महत्त्वाचा शोध, आणि हिचं काय भलतंच.

नीना गेली त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. अस्थी तिच्या भावाने नाशिकला नेल्या. स्वरालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, पार्कमध्ये आईच्या नावाचा बाक बसवायचा होता. राजीवराव नको म्हणाले. आपल्यात असलं काही नसतं, माणूस गेलं की गेलं, बाकात काय असतं?  स्वराली साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर होती आणि पोटुशी होती. बाप एकटा पडला म्हणून ती रोज फोन करायची, पण बाकाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मग राजीवरावांनी घर विकायला काढलं. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपेना. लहान फ्लॅट बघितला, आणि घर रिकामं करण्याचं काम त्यांनी विमानाचा पंख जोडावा तितक्या शिस्तीत हाती घेतलं. सामालची पुस्तकं आणि फाइली एका बाजूला, बबलरॅपमध्ये. साड्या स्वरालीला. भांडी चॅरिटी शॉपला. राहता राहिला तो सिंकखालचा पाटा-वरवंटा. चॅरिटी शॉपने तो घेतला नाही, फार जड म्हणून. तेव्हा राजीवरावांनी इथल्या रिवाजाप्रमाणे तो दाराबाहेरच्या बुटक्या भिंतीवर नेऊन ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली, फ्री, प्लीज टेक. दुपारी चहा पिऊन बघतात तर भिंत रिकामी. त्यांना बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगाला आला.

त्यानंतरच्या आठवड्यात स्वराली आणि तिचा नवरा नकुल यांना मुलगी झाली. राजीवराव ट्रेनने जाऊन बाळ बघून आले, आणि येताना ट्रेनमध्ये त्यांना इतकं रडू आलं की समोरच्या बाईने न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं. दोन दिवसांनी स्वरालीचा फोन आला. आवाज थकलेला पण आनंदी, आणि मराठी नेहमीसारखंच, ती-तो-ते यांचा घोळ घालणारं.

"बाबा, बारशी संडेला ठेवलाय. नकुलची आई नागपूरहून आली आहे, ती सगळं अरेंज करते आहे. तुम्ही काही आणू नका. नथिंग. फक्त आईची वरवंटा आणा."

राजीवरावांनी खिडकीतून बाहेरच्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला टोपडं घालतात, कुंकू लावतात, आणि पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बायका त्याला खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात, बाळ असंच टणक आणि निकोप राहो म्हणून. स्वरालीच्या बारशाला हाच वरवंटा फिरला होता. त्याच्याही आधी नीनाच्या बारशाला, कारण पाटा नीनाच्या आईचा. लग्नानंतर नीना पहिल्यांदा इंग्लंडला आली तेव्हा साड्यांत गुंडाळून तिने तो विमानातून आणला होता. हीथ्रोवर कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली आणि दगड बघून तो चक्रावला. राजीवराव शरमेने लालेलाल. नीना मात्र त्या माणसाला हातवारे करून चटणी कशी वाटतात ते दाखवत होती.

"बाबा? आहात ना?"

खोटं बोलायचं त्यांच्या मनात येऊन गेलं. नवा मिळाला असता, स्लाऊच्या इंडियन दुकानातून वगैरे. पण त्यांना खोटं नीट जमत नसे, आणि स्वरालीला ते लगेच कळे.

"स्वराली, तो मी देऊन टाकला. भिंतीवर ठेवला होता. कुणीतरी नेला."

फोनवर मागे बाळ कुरकुरत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या त्या राज्याचा प्रत्येक दगड कुठल्या म्युझियममध्ये आहे ते तुम्हाला माहीत आहे. एव्हरी सिंगल वन. आणि आईचा दगड तुम्ही भिंतीवर ठेवला? विथ अ नोट?"

"बेटा, माझ्या लक्षात..."

"मला बाक पण नको म्हणालात. आय सेड ओके. माझ्याकडे आईचं काहीच नाही जे तिच्या हातात असायचं. साड्या तर नुसत्या कपाटात असायच्या, ती कधी नेसायची नाही." तिने नाक ओढलं. "इट्स फाइन, बाबा. आम्ही लाटणं घेऊ."

तिने फोन ठेवला. इट्स फाइन म्हणजे काय, हे राजीवरावांना इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढल्यावर चांगलंच कळत होतं.

ते खोक्यांच्या मधे खुर्चीवर बसून राहिले. समोरच्या खोक्यावर कट्टूचा फोटो होता, बबलरॅपच्या आत. काळा बेसॉल्ट. आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की पाटाही बेसॉल्टचाच होता, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. त्याच जातीचा दगड. एक विमानाने थेट तुर्कस्तानात जाऊन काचेबाहेरून बघायचा, आणि दुसरा घरात सिंकखाली असून कधी हातात घ्यायचा नाही. कट्टू तरी शहाणा. त्याने दगडावर लिहून तरी ठेवलं, मी इथे आहे म्हणून. नीना कशाला लिहील? तिला वाटलं असेल, एवढं तर यांना कळेलच.

राजीवराव उठले. बूट घातले आणि घराबाहेर पडले.

ज्या गल्लीत त्यांनी हयात घालवली, त्या गल्लीतली दारं ते पहिल्यांदाच वाजवत होते. पहिल्या घरात एक पोलिश जोडपं. "ओह, तुम्ही नीनाचे हजबंड!" पुढच्या घरात काठी टेकत आलेले एक म्हातारे गृहस्थ. "नीनाचे मिस्टर ना? आत या." राजीवरावांनी स्वतःचं नाव सांगायला सुरुवात केली की लोक हसून मान हलवत, जणू त्याची काही गरज नव्हती. नीनाने कुणाच्या मुलीला भाकरी शिकवली होती, तर कुणाच्या कुत्र्याला ऑपरेशननंतर मऊ भात दिला होता. दगड मात्र कुणी नेला नव्हता. समोरच्या गल्लीत तेच. आपण एका राज्यात राहत होतो आणि त्या राज्याचा इतिहास आपल्याला ठाऊकच नव्हता, असं त्यांना वाटायला लागलं, आणि ते वाटणं काही सुखाचं नव्हतं.

शनिवारी दुपारपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. कोपऱ्यावरच्या शेवटच्या घराचं दार एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने उघडलं. तिचं नाव पॉलीन, सगळी नोकरी तिने ब्रिस्टलची सिटी बस चालवली होती. राजीवरावांनी तोपर्यंत पाठ झालेलं वाक्य म्हटलं. काळा चपटा दगड, बरोबर एक लांबट गोटा.

पॉलीनने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग त्यांना घरातून मागच्या बागेत घेऊन गेली.

गुलाबाच्या झुडपाशेजारी दोन विटांवर पाटा ठेवलेला होता. घासून घासून मधे खोलगट झालेल्या भागात बोटभर पाणी होतं आणि एक रॉबिन काठावर बसून ते पीत होता. वरवंटा शेजारी गवतात आडवा.  राजीवरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"भिंतीवर बघितला तेव्हाच ओळखला मी," पॉलीन तिच्या पश्चिम इंग्लंडकडच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली. "नीनाने मला यावर ती हिरवी चटणी करून दाखवली होती. माझा नवरा गेला तेव्हा ती दर शुक्रवारी एक बरणी आणून द्यायची. तुमची ती चिठ्ठी वाचली आणि मला वाटलं, हे कुणा परक्याच्या हाती जायला नको. घरातल्या माणसाने कंटाळून टाकलं असेल तर टाकू दे."

"कंटाळून नाही हो," राजीवराव पुटपुटले. "मला कळलंच नाही."

"रोज सकाळी पाणी भरताना मी तिच्याशी दोन शब्द बोलते," पॉलीन म्हणाली, आणि जरा लाजली. "वेडेपणा वाटेल तुम्हाला."

राजीवराव सामालवर चाळीस व्याख्यानं ठोकून बसले होते. दगडातल्या आत्म्याची देखभाल कशी करतात, हे जगात कुठे कुठे वाचत ते फिरले होते, आणि इथे कोपऱ्यावरच्या घरात एक बस चालवणारी बाई न वाचताच ते करत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. सुरुवात कट्टूपासून केली, पण दोन वाक्यांतच गाडी नीनावर आली आणि मग तिथेच राहिली. हीथ्रोचा कस्टमवाला, रागावली की मिक्सर बाजूला सारून पाटा काढायची ती सवय, आणि दर वर्षीचा तो प्रश्न. मेंढा शिजवला कुणी? पॉलीन खो खो हसली. हसता हसता तिनेही डोळे टिपले.

"उद्या किती वाजता पोचायचंय?" तिने विचारलं. "ट्रेनने हे धूड नेणार आहात की काय? मी आयुष्यभर लोकांना पोचवलंय. माझी गाडी आहे."

"पक्ष्यांचं काय?"

"पक्षी प्लास्टिकच्या ट्रेमधून पितील. इंग्लिश पक्षी आहेत, तक्रार करतील पण पितील."

रविवारी सकाळी राजीवरावांनी पॉलीनच्या ओट्यावर पाटा गरम पाण्याने तीनदा घासून धुतला. मग कोथिंबीर, खोबरं, मिरच्या, लिंबू काढलं. आयुष्यात त्यांनी पाट्यावर काही वाटलं नव्हतं. वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा आणि अंगाचा भार पुढे टाकायचा, एवढं आठवत होतं, कारण नीनाची पाठ त्यांनी हजार वेळा पाहिली होती. पहिल्या फेरीतच बोटांची सालं निघाली. खोबरं एकीकडे पळे, मिरची दुसरीकडे. घाम फुटला. खांदे भरून आले. पॉलीन चहाचा मग घेऊन दारात उभी होती आणि तिने मदतीचा एक शब्दही काढला नाही, हे तिचं मोठेपण. बऱ्याच वेळाने पाट्यावर हिरवा, ओबडधोबड असा गोळा तयार झाला. राजीवरावांनी तो बरणीत भरला.

साउथहॅम्प्टनला पोचले तेव्हा पाळणा सजला होता. स्वराली दारात आली. बापाच्या हातात पाटा, मागे एक उंच गोरी बाई आणि तिच्या हातात शालीत गुंडाळलेला वरवंटा. स्वरालीने आधी शाल बाजूला केली आणि दगडावरून हात फिरवला. एका टोकाशी लहानपणी तिनेच पाडलेला टवका होता. तिचं बोट नेमकं तिथे थांबलं.

"हाच आहे," ती म्हणाली. मग तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि ती दोघं दारातच रडत उभी राहिली. आतून नकुल बाळाला घेऊन डोकावला आणि शहाण्यासारखा परत आत गेला.

वरवंट्याला टोपडं चढलं, कुंकू लागलं. नकुलची आई वरदाताई पाळण्याच्या एका बाजूला उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला मुलीच्या आईकडची बाई हवी. ती जागा रिकामी होती, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे असूनही कुणी बघत नव्हतं.

"बाबा, तुम्ही उभे राहा," स्वराली म्हणाली.

राजीवरावांनी वरदाताईंकडे बघितलं. पुरुषाने हे करायची रीत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"या हो," वरदाताई म्हणाल्या. "नीनाताई असत्या तर तुम्हाला मागे उभं राहू दिलं असतं का? घ्या वरवंटा हातात."

आणि पाळण्याखालून तो दगड त्यांच्या सोललेल्या हातात आला, टोपड्यातला, जड आणि थंड. त्यांनी तो वरून परत दिला. खालून घेतला, वरून दिला. मग वरवंटा पाळण्यात विसावला, शेजारी बाळाला निजवलं, बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, मायरा, आणि पॉलीनने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून.

जेवणं मांडली तेव्हा राजीवरावांनी पिशवीतून बरणी काढली. पाळण्याजवळ एका वाटीत चमचाभर चटणी काढून त्यांनी ती वरवंट्यासमोर ठेवली. बाकात काय असतं, असं विचारणारा हाच माणूस. स्वराली बघत होती.

"हे काय, बाबा?"

"कट्टूने सांगितलंय तसं. पहिला वाटा दगडातल्या माणसाला." त्यांनी वाटी जरा पुढे सरकवली. "आणि तुझ्या त्या बाकाचं बघ. मी येतो बरोबर, जागा बघायला."

स्वरालीने बरणीतली चटणी बोटावर घेऊन चाखली. बोट तोंडातच राहिलं. तिने बापाच्या हातांकडे बघितलं, सालं निघालेल्या बोटांकडे.

"ही चटणी कोणी केला?"

"मी," राजीवराव म्हणाले.

ती पाळण्यावर वाकली, टोपड्यातल्या दगडापाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आई, ऐकलंस? बाबांनी केली." मग वर बघून ती हसली, डोळे अजून ओलेच होते.

"मीठ कमी आहे, बाबा."

"आणतो," म्हणत राजीवराव मीठ आणायला स्वयंपाकघरात गेले.